तेच लीकेज परत परत येतंय? टाइल फोडायच्या आधी आणि नंतर काय करायचं, क्रमाने

खालच्या मजल्यावरच्या काकू दारात येऊन "तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या सीलिंगला येतंय हो" म्हणाल्या की पुढचं सगळं ठरलेलं असतं. प्लंबर येतो, ओल दिसते त्याच्या बरोब्बर वर छन्नी लावतो, दोन टाइल्स निघतात, काहीतरी माल भरतो, व्हाइट सिमेंट फासतो आणि जातो. आठ दिवस शांतता. मग दिवाळीच्या आसपास काकू परत दारात.

आमच्याकडे हे दोन वर्षांत दोनदा झालं, दोन्ही वेळा नहाणी ट्रॅपभोवतीच्या (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीच्या) टाइल्स निघाल्या, आणि शेवटी पाणी सापडलं कुठे तर हेल्थ फॉसेटच्या (कमोडशेजारच्या हातातल्या फवाऱ्याच्या) अँगल कॉकच्या, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या बंद-चालू नळाच्या मागे, भिंतीत. टाइल फोडायची गरजच नव्हती. तेव्हापासून सोसायटीत कुणाकडे लीकेज झालं की मला बोलावतात आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

पाणी जिथे दिसतं तिथे ते गळत असेलच असं नाही. स्लॅबवरून, पाइपच्या अंगावरून, कोब्यातून (फरशीखालच्या भरावातून) ते पाच-सात फूट सहज सरकतं आणि जिथे फट मिळेल तिथून खाली उतरतं. त्यामुळे आधी कुठली लाइन ते ठरवायचं, मग जागा, मग दुरुस्ती, मग टेस्ट, आणि सगळ्यात शेवटी टाइल. पहिली आणि चौथी गोष्ट लोक गाळतात आणि तिथेच पैसे बुडतात.

## आत्ता या क्षणी पाणी धो धो येत असेल तर

बाकीचा लेख नंतर वाचा. आधी गीझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद, मग टेरेसवरचा किंवा डक्टमधला (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपमधलं उरलेलं पाणी बादलीत काढा. फुटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळून वर क्लॅम्प आवळला तर रात्र निघते. एम-सील (मळून लावायची पुट्टी) ओल्या पाइपवर नीट धरत नाही, पाइप कोरडा करून घासून लावलं तरच, आणि तेही रात्रीपुरतंच. एम-सील लावलेला जॉइंट टाइलच्या मागे बंद करू देऊ नका, प्लंबर कितीही छातीठोकपणे "काय होत नाय साहेब" म्हणाला तरी.

## १. तयारी: प्लंबरला फोन करायच्या आधी

व्हॉल्व्ह शोधा. टेरेसच्या टाकीतून बऱ्याच फ्लॅट्सना दोन-तीन वेगळ्या लाइनी येतात, किचनची एक, बाथरूमची एक, फ्लशची कधी कधी वेगळी बोअरच्या पाण्याची. कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे एकेक बंद करून, घरात कुणालातरी नळापाशी उभं करून तपासा आणि ऑइल पेंटने किंवा टॅग बांधून लिहून ठेवा. जुना चाकवाला गेट व्हॉल्व्ह पंधरा-वीस वर्षं फिरवलाच नसेल तर तो पूर्ण बंद होत नाही, आतून बारीक धार चालूच राहते, आणि ही बारीक धार पुढे टेस्टची पण वाट लावते आणि जॉइंटची पण. असा व्हॉल्व्ह असेल तर पहिलं काम तोच बदलणं, बॉल व्हॉल्व्ह टाका, पाव फिरवला की बंद. जोर लावून जुना फिरवू नका, दांडा तुटून हातात येतो आणि मग अख्ख्या विंगचं पाणी बंद करायची वेळ येते.

पाइप कुठला ते ओळखा. करडा, लोखंडी, जड तो जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप. क्रीम किंवा फिकट पिवळट रंगाचा सीपीव्हीसी, गरम-थंड दोन्हीला चालतो. पांढरा यूपीव्हीसी, तो फक्त थंड पाण्याचा. हिरवा बहुतेक पीपीआर, तो सोल्युशनने (पाइप चिकटवायच्या द्रवाने) चिकटत नाही, मशीनने तापवून जोडावा लागतो. हे माहीत नसेल तर प्लंबर त्याच्याकडे जे शिल्लक आहे ते जोडून जातो. मी गीझरच्या लाइनवर पांढऱ्या यूपीव्हीसीचा तुकडा बघितलाय. गरम पाण्याने तो मऊ पडून वाकतो आणि एक दिवस जॉइंट सोडून बाहेर येतो.

वही घाला. फोनवर नोंद केली तरी चालेल. कुठल्या तारखेला, किती वाजता, ओल किती मोठी, थेंब पडत होते का नुसता डाग. खाली काकूंच्या सीलिंगवर डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. डाग वाढतोय का वाळतोय यावर नंतर जे वाद होतात ते या एका रेघेने मिटतात.

टाइल्स. तुमच्या डिझाइनच्या चार-सहा टाइल्स माळ्यावर आहेत का बघा. नसतील तर फोडण्यावर आत्ताच मर्यादा आली हे समजा.

## २. गळती कुठल्या जातीची आहे ते ठरवा

हे खाली काकूंकडे उभं राहून ठरतं, तुमच्या बाथरूममध्ये नाही.

थेंब चोवीस तास सारख्याच वेगाने पडतात, तुम्ही गावाला गेलात तरी पडतात: सप्लाय लाइन. ती कायम दाबाखाली असते त्यामुळे तिला सुट्टी नाही.

अंघोळी झाल्या की तासा-दोन तासाने वाढतं, दुपारी कमी होतं: ड्रेनेज, नहाणी ट्रॅप नाहीतर फरशीचं वॉटरप्रूफिंग.

गीझर लावला की वाढतं: गरम पाण्याची लाइन. पाइप तापून लांबतो. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा तुकडा चाळीस अंशांनी तापला तर साधारण सात मिलिमीटर वाढतो, आणि भिंतीत घट्ट गाडलेला असेल तर ते सगळं बळ एल्बोवर (पाइप वळवणाऱ्या जोडावर) येतं.

फक्त पावसात: बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा, टेरेस, किंवा डक्टमधला बाहेरचा पाइप. जूनमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये आपोआप "बरं" झालेलं लीकेज प्लंबरकडून दुरुस्त करून घेतलेले लोक मी पाहिलेत. प्लंबरने काहीच केलं नव्हतं, पाऊस थांबला होता.

वास येतो, डाग पिवळट-काळा आहे: संडासची लाइन. हे आधी धरा, बाकी नंतर.

थांबा: भिंतीला पांढरी पावडर म्हणजे खार फुटलाय, पोपडे धरलेत, एवढ्यावरून कुठलीच लाइन ठरत नाही. ओल बराच काळ आहे एवढंच कळतं.

## ३. टेस्ट: एका वेळी एक, आणि मध्ये दिवस जाऊ द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घाई म्हणून लोक एकाच संध्याकाळी सगळं करतात आणि मग कशामुळे काय झालं ते कुणालाच कळत नाही.

पहिली, सप्लाय. घरातले सगळे नळ बंद, फ्लश टाकी भरलेली, अँगल कॉक बंद. आता मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि अर्ध्या तासाने एक नळ उघडा. पाइपमध्ये दाब टिकलेला असेल तर क्षणभर पाणी जोरात येतं, आधीच कुठेतरी निसटलं असेल तर नुसती हवा ओढल्याचा आवाज येतो. हा नुसता अंदाज आहे, पुरावा नाही. बंगला असेल किंवा स्वतःची टाकी असेल तर अजून चांगलं: रात्री टाकीत पाणी येणं बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर गेलं. दुसऱ्या रात्री टाकीचा आउटलेट बंद करून परत बघा, म्हणजे टाकीच गळतेय का लाइन ते कळेल.

खरा पुरावा म्हणजे लाइन दोन-तीन दिवस बंद ठेवून खालचे थेंब मोजणं. शनिवार-रविवार जोडून कुठे जाणार असाल तर ती संधी सोडू नका.

थांबा, हे महत्त्वाचं आहे: व्हॉल्व्ह बंद केल्यावर थेंब लगेच थांबत नाहीत! बाथरूमच्या फरशीखाली विटांचे तुकडे घातलेला कोबा असतो, सन्क स्लॅब (बाथरूमपुरता खाली घेतलेला) असेल तर चांगला फूटभर भराव, आणि तो स्पंजासारखा पाणी धरतो. चार-आठ दिवससुद्धा निथळत राहतो. एका रात्रीत थांबलं नाही म्हणून "बघा, आमच्याकडून नाहीच येत" असं म्हणून मोकळे होणारे शेजारी प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत. थेंब थांबला का ते बघू नका, मिनिटाला किती पडतात ते सकाळ-संध्याकाळ मोजा. आकडा उतरत असेल तर पाणी तुमच्याच घरातून येतंय.

दुसरी, गरम लाइन. गीझरचा एमसीबी बंद करून इनलेटचा अँगल कॉक बंद करा आणि चार दिवस थंड पाण्याने भागवा. थंडी असेल तर चुलीवर पाणी तापवा, उपाय नाही.

तिसरी, ड्रेनेज. खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात कालवून एका ठिकाणी ओता. आज नहाणीत लाल, दोन दिवसांनी कमोडमध्ये हिरवा, त्यानंतर बेसिन. एकाच दिवशी ओतलेत तर खाली तपकिरी येईल आणि तुम्ही होतात तिथेच. रंग खाली आला तर पक्कं. आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कोब्यातून गाळून येताना रंग अडकू शकतो.

चौथी, फरशी. नहाणीचं तोंड आतून कापडाचा बोळा आणि प्लॅस्टिक घालून बंद करा, उंबऱ्याच्या आत दोन इंच पाणी भरा, टाइलवर पातळीची खूण करा, चोवीस तास सोडा. पातळी उतरली आणि खाली वाढलं तर टाइल्सचे सांधे, कोपरे किंवा नहाणीचा काठ. काहीच झालं नाही पण एरवी अंघोळ केली की गळतं, तर नहाणीच्या खालचा जॉइंट किंवा पुढचा वेस्ट पाइप, कारण या टेस्टमध्ये तिथे पाणी गेलंच नाही.

पाचवी, भिंत. बाहेरच्या भिंतीवर पाइपने खालून सुरुवात करून हळूहळू वर पाणी मारा, प्रत्येक टप्प्याला पंधरा-वीस मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्यावरूनच ओघळतं आणि फट कुठली ते कळत नाही.

## ४. फोडायच्या आधी उघडी ठिकाणं बघा

कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि एकेका जॉइंटभोवती फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल टिश्यूला लगेच कळते.

नळ किंवा अँगल कॉक भिंतीत शिरतो तिथली चकचकीत वाटी पुढे ओढा. तिच्या मागे काळपट ओल असेल तर पाणी बाहेर न येता आत, भिंतीत चाललंय. टाइलचा थर वाढला म्हणून प्लंबरने आत एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारा आट्यांचा छोटा तुकडा) घातलेला असतो, त्याचा एक आटा (पेच) धरून बाकी हवेत, आणि तो गळतो. आमचं हेच होतं. कॉक काढून निपल आणि टेफ्लॉन बदलायला दहा मिनिटं लागली. दोनदा फोडलेल्या टाइल्सचा रंग मात्र अजून बाकीच्यांशी जुळत नाही.

हेल्थ फॉसेटचा अँगल कॉक कायम उघडा ठेवू नका. त्याची नळी सतत दाबाखाली राहायला बनवलेली नसते, ती एक दिवस घरी कुणी नसताना फुटते.

मग फ्लश टाकीची कनेक्शन नळी, बेसिनखालचा वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅपची रबर रिंग, कमोडचा आउटलेट जिथे पाइपमध्ये बसतो तो रबरी कनेक्टर. कमोड हाताने हलतो का बघा. हलत असेल तर तो कनेक्टर प्रत्येक वेळी थोडा थोडा सुटतोय. वॉशिंग मशीनचा ड्रेन नुसता नहाणीत सोडलेला असेल तर त्या जोराने पाणी जाळीवरून उसळून कडेच्या फटीत जातं, तेही बघा.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडणं हे बिघाड नाही, तापून वाढलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. तो थेंब भिंतीवरून खाली ओघळू नये म्हणून बारीक नळी लावून नहाणीपर्यंत न्या. त्या व्हॉल्व्हचं तोंड बुच मारून कधीही बंद करू नका, गीझर फुटू शकतो.

## ५. आता फोडा, पण जॉइंटपाशी

पाइप मधेच क्वचित गळतो, कुणी ड्रिल मारला असेल तरच. गळतात ते जॉइंट, एल्बो, टी (तीन तोंडांचा जोड), आणि आट्यांची जागा. म्हणून आधी नळाच्या मागचा एल्बो उघडा, नंतर लाइन जिथे वळते तो. एकेक टाइल, आधी सांध्यातून ग्राइंडरने चिरून मग उचकटून, म्हणजे शेजारची तडकत नाही. गीझर पॉइंटच्या आसपास फोडताना त्या भिंतीची लाइट बंदच ठेवा, वायरचा कॉन्ड्युट नेमका पाइपशेजारून गेलेला असतो.

उघडल्यावर कोरडं करा, लाइन चालू करा आणि बघत बसा. पाणी पाइपच्या वरच्या बाजूने वाहत येत असेल तर उगम अजून पुढे आहे. तिथे माल भरून मोकळं व्हायची घाई झाली की पुढच्या वर्षी परत भेटू.

## ६. दुरुस्ती, पाइपप्रमाणे

जीआय. स्पष्टच सांगतो, पंधरा-वीस वर्षं भिंतीत राहिलेली जीआय लाइन एका जॉइंटला गळली तर तो जॉइंट दुरुस्त करण्यात अर्थ नाही. आटे पाडताना पाइपची जाडी कमी होते आणि वरचा जस्ताचा थर पण जातो, म्हणून गंज आधी तिथेच लागतो, आणि एका जॉइंटला लागला म्हणजे बाकीच्यांनाही लागलेला असतो. वर प्लंबर एक जॉइंट सोडवायला पाना लावतो तेव्हा तोच पीळ पुढच्या सडलेल्या आट्यांना बसतो. म्हणजे दुरुस्तीच पुढचं लीकेज तयार करते. "मागच्या महिन्यात तर केलं होतं, आता दोन फुटांवर" हे जे होतं ना, त्याचं कारण हे. तेवढी अख्खी लाइन व्हॉल्व्हपासून नळापर्यंत सीपीव्हीसीत बदला, आणि जमत असेल तर गाडू नका, डक्टमधून किंवा भिंतीवरून उघडी न्या. दिसायला बरी नाही दिसत, पण दिसते तरी.

सीपीव्हीसी. इथे चुका घाईच्या असतात, म्हणून क्रम पाळा:

1. पाइप काटकोनात कापा. हॅकसॉने तिरका कापला की आत तेवढी जागा सोल्युशनविना राहते.
2. आतली-बाहेरची कुसळं काढा, नाहीतर ती सोल्युशन पुढे ढकलून नेतात.
3. कोरडा पाइप फिटिंगमध्ये घालून बघा. एक तृतीयांश ते दोन तृतीयांशाच्या मध्ये कुठेतरी अडकायला हवा. सैल आत जाऊन टेकत असेल तर फिटिंग किंवा पाइप चुकीचा आहे.
4. दोन्ही बाजू फडक्याने पूर्ण कोरड्या. त्या जुन्या व्हॉल्व्हची बारीक धार इथे नडते. ओल्यावर लावलेला जॉइंट त्या दिवशी धरतो आणि तीन महिन्यांनी सोडतो.
5. सीपीव्हीसीचंच सोल्युशन, पाइपवर भरपूर, फिटिंगमध्ये पातळ. डब्यात दाट जेली झालेलं असेल तर फेकून द्या, थिनर घालून पातळ करायचं नाही.
6. आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडलं की पाइप स्वतःहून थोडा मागे येतो, म्हणून धरायचं.
7. काठाला सगळीकडून सारखी कड आली का बघा. तुटक असेल तर कापा आणि नवीन करा, वरून सोल्युशन थापून काही होत नाही.
8. पाणी किमान रात्रभर सोडू नका.

जिथे नळ लागणार तिथे पितळी आट्यांचाच एल्बो वापरा. प्लॅस्टिकच्या आट्यांमध्ये पितळी नळ जोरात आवळला की फिटिंगला केसाएवढी चीर जाते, त्या दिवशी काहीच दिसत नाही. आणि सीपीव्हीसीच्या आट्यांना सफेदा-धागा (तेलातली पांढरी पेस्ट आणि सुतळी) नको, त्यातलं तेल प्लॅस्टिकला खातं. टेफ्लॉन टेप, आट्याच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आवळताना ती सुटत नाही. गीझरच्या तोंडाला थेट सीपीव्हीसी लावू नका, मध्ये धातूची नळी हवीच.

ड्रेनेज. नहाणीचा जॉइंट गळत असेल तर वरून नुसतं ग्राउट भरून थांबत नाही, ट्रॅप काढून नवीन बसवावा लागतो, त्याचा ढाळ पुढच्या पाइपकडे आणि भोवतीचा खड्डा न आकसणाऱ्या ग्राउटने भरलेला. जुन्या बिल्डिंगांमध्ये ट्रॅप खालच्यांच्या सीलिंगमधून लोंबतो, म्हणजे काम त्यांच्या घरातून होणार. काकूंशी गोड बोलायचं ते यासाठी पण.

## ७. टेस्ट, टाइल लावायच्या आधी

गवंडी समोर उभा असतो, घरात धूळ झालेली असते, बायको-मुलं वैतागलेली, आणि सगळ्यांना वाटतं आता बंद करून टाकावं. नाही!

सगळे नळ, अँगल कॉक काढून तिथे प्लग मारा, गीझर सोडवून ठेवा. हँड पंप आणि गेज प्लंबरकडून मागवा, नाही म्हणाला तर भाड्याने मिळतो. लाइनमधली हवा सगळ्यात वरच्या प्लगमधून काढा, हवा राहिली तर काटा खोटं सांगतो. नेहमीच्या दाबाच्या दीडपट द्या. दाबाचा हिशोब सोपा आहे: टाकीची पातळी तुमच्या नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला). सातव्या मजल्याच्या टेरेसवर टाकी आणि तुम्ही पहिल्या मजल्यावर, तर दोन किलोच्या आसपास. नवीन सीपीव्हीसीला प्लंबर थंड असताना पाच-सहा किलो देतात, ते चालतं. लाइनचा काही भाग जुना जीआय ठेवला असेल तर दीडपटीच्या वर जाऊ नका.

गेजचा फोटो काढा, दोन तासांनी परत काढा. काटा उतरला तर आधी पंपाचा आणि प्लगचा जॉइंट बघा, तो नसेल तर लाइन.

तपासणी: काटा स्थिर, प्रत्येक जॉइंटवर टिश्यू कोरडा, खालच्या थेंबांचा आकडा उतरतोय. तिन्ही झाल्याशिवाय माल कालवू द्यायचा नाही.

फरशी उघडली असेल तर वॉटरप्रूफिंगचे दोन थर, आडवा आणि उभा, भिंतीवर फूटभर चढवून, नहाणीच्या आत वळवून. वाळल्यावर पाणी भरून ४८ ते ७२ तास. हे टाइल लावायच्या आधी. टाइल लावल्यावर पाणी भरून बघणारे कॉन्ट्रॅक्टर आहेत, तेव्हा गळलं तर तो परत फोडणार नाही, तुम्हीच फोडणार.

## ८. बंद करताना

आधी उघड्या पाइपचा फोटो, शेजारी मेजरिंग टेप धरून, दाराच्या चौकटीपासून किती आणि फरशीपासून किती हे दिसेल असा. दहा वर्षांनी टॉवेल रॉड लावताना हाच फोटो पाइप वाचवतो.

झिरी (पाइपसाठी भिंतीत खोदलेली खाच) भरायला पीओपी वापरू देऊ नका. इलेक्ट्रिशियन वापरतात म्हणून प्लंबर पण लवकर सुकतं म्हणून वापरतात, पण जीआयला त्याने गंज लागतो. सिमेंट-वाळूच भरा. गरम लाइनवर आधी फोमची नळी चढवा, म्हणजे पाइपला सरकायला जागा राहते. कोपऱ्यांच्या आणि नहाणीभोवतीच्या सांध्यात एपॉक्सी ग्राउट, व्हाइट सिमेंट नको, ते वर्षभरात धुवून जातं.

टेरेसवरचे प्लॅस्टिकचे पाइप उन्हाने ठिसूळ होतात, त्यांना पाण्यातला पांढरा रंग मारा. ऑइल पेंट नको.

## ९. सगळं नीट करूनही येत असेल तर

जॉइंट निष्पाप असतो, दाब दोषी असतो. प्रेशर पंप बसवल्यापासून लीकेज सुरू झालंय का आठवा. जुन्या लाइनवर पंप लावणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शर्यतीत पळवणं. खालच्या मजल्यांवर दाब जास्त असेल तर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह घ्या. नळ झटकन बंद केला की भिंतीत "ठक" आवाज येतो का? तो पाण्याचा हादरा, दर वेळी प्रत्येक एल्बोला बसतो. पाइप क्लॅम्पने घट्ट करा, वॉशिंग मशीनचा कॉक अर्धाच उघडा ठेवा.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार वॉशर आणि स्पिंडलवर बसतात, मग लोक नळ जोरजोरात आवळतात आणि वॉशर कापला जातो. वॉशर वर्षातून एकदा बदलून टाका.

बंगल्यात जमिनीखालच्या लाइनला ओल असेल तर ते फक्त पाणी वाया जाण्याचं प्रकरण नाही. नगरपालिकेचं पाणी ठराविक वेळच येतं, ते बंद झालं की पाइप आत ओढतो, आणि त्याच फटीतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत येतं. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

## पैसे कुणाचे

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे टेरेस, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, पावसाचं लीकेज हे सोसायटीच्या खर्चाने, आणि संडास, सिंक वगैरे आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांनी करायचा. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत काढून वाचा, आणि टेस्टचे फोटो, तारखा जोडून सेक्रेटरींना लेखी द्या. "तोंडी सांगितलं होतं" याला वार्षिक सभेत कुणी विचारत नाही.

## खालच्यांच्या सीलिंगचा रंग

गळती थांबली की काकू लगेच रंगाचं काढतात, आपल्यालाही वाटतं एकदाचं मिटवून टाकू. पण स्लॅब आतून ओला असतो, लगेच मारलेला रंग महिन्याभरात फुगून येतो आणि काकूंना वाटतं परत गळायला लागलं. पोपडे खरवडून सीलिंग उघडं ठेवा, पंखा चालू. मग हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून घाम आला असेल तर अजून पंधरा दिवस थांबा आणि परत लावून बघा. पावसाळा चालू असेल तर दसऱ्यानंतरच पेंटर बोलवा.